पकड मोजणारा डायनामोमीटर: हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी कितपत कामाचा?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय शरीराला पुरेल इतकं रक्त नीट पुढे ढकलू शकत नाही असे, पेशंट जास्त. कुणाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं किती रक्त बाहेर पडतं ते प्रमाण, ३० टक्के, कुणाचं २०, तर कुणाचं पंपिंग रिपोर्टमध्ये चांगलं पण हृदयाचा स्नायू ताठरलेला, म्हणून चार पावलं चाललं की दम. या सगळ्यांसाठी मी हायड्रॉलिक हँड डायनामोमीटर, म्हणजे हाताच्या पकडीचा जोर मोजणारं साधन, सतत वापरते. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं कारण असं की हल्ली नातेवाईक दोन गोष्टी विचारतात. ‘हे यंत्र आम्ही घरी घेऊ का?’ आणि ‘आमच्या वजनकाट्यावर स्नायूंची टक्केवारी दिसते, ती चालेल का?’

माझं मत आधीच सांगते. क्लिनिकमध्ये डायनामोमीटर हवाच हवा. घरी बहुतेकांना त्याची गरज नाही. टक्केवारीच्या काट्यावर मात्र हार्ट फेल्युअरच्या पेशंटने अजिबात विसंबू नये. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: पकडीचा आकडा लिव्हरच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचला तरच त्याचा पुरता अर्थ लागतो.

साधन दिसायला साधंच. धातूची भक्कम मूठ आणि तिच्यावर गोल तबकडी. मूठ आवळली की आतल्या बंद द्रवावर दाब येतो आणि काटा फिरतो. मूठ स्वतः जवळजवळ हलत नाही, त्यामुळे पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते बिघडलंय असं वाटतं. ‘अहो, हे दबतच नाहीये’ हे मी अनेकांकडून ऐकलंय. ते दबायचं नसतंच, फक्त जोर नोंदवायचा असतो. तबकडीवर दोन काटे. एक जोराबरोबर पुढे जाऊन परत शून्यावर येतो, दुसरा जिथवर ढकलला गेला तिथेच थांबून राहतो. त्यामुळे पेशंटच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवता येतं आणि आकडा नंतर निवांत वाचता येतो. आकडे किलोत आणि पौंडात असे दोन्ही असतात. मूठ पुढेमागे सरकवायला पाच जागा असतात, मोठ्या माणसांसाठी साधारणपणे दुसरी वापरतात. मूठ अशी सरकवता येणारा डायनामोमीटर १९५४ साली वैद्यकीय लिखाणात आला. त्याच घडणीचा जामर डायनामोमीटर आजही इतर यंत्रं ताडून पाहायला वापरतात.

या साध्या आकड्याचं वजन किती, ते २०१५ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ‘प्युअर’ अभ्यासातून कळलं. १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० माणसांची पकड जामरवर मोजून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं होतं. पकड ५ किलोने कमी असली की कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याची जोखीम १६ टक्क्यांनी जास्त दिसली. पुढची जोखीम सांगण्यात पकडीने वरच्या रक्तदाबालाही मागे टाकलं. अर्थात हा अभ्यास सर्वसाधारण लोकांचा होता, आणि पकड वाढवली की आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही. पकड हा अंगातल्या एकूण ताकदीचा पुरावा आहे, एवढंच.

मोजण्याची पद्धत मात्र काटेकोर पाळावी लागते. पेशंटला खुर्चीत टेकून बसवायचं, पाय जमिनीवर, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट जवळजवळ सरळ. यंत्राचा भार मी खालून हलकाच तोलते, कारण अशक्त माणसाचा निम्मा जोर ते उचलून धरण्यातच जातो. मग ‘दाबा, दाबा, अजून दाबा, सोडा’ असं दर वेळी एकाच आवाजात म्हणते. प्रत्येक हाताने तीनदा, आलटून पालटून, मध्ये विश्रांती. हार्ट फेल्युअरमध्ये एक पथ्य जास्तीचं: श्वास रोखून दाबायचं नाही. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब आणि रक्तदाब एकदम वरखाली होतात, थकलेल्या हृदयाला ते नको असतं. म्हणून मी पेशंटला दाबताना मोठ्याने आकडे म्हणायला लावते. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. नुकताच पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले की शॉक देणारं यंत्र) बसवला असेल तर त्या बाजूच्या हाताला डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत थांबायचं, आणि बसल्या जागी दम लागत असेल तर त्या दिवशी मोजायचंच नाही.

आशियाई लोकांसाठी २०१९ साली तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या मर्यादा अशा: पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी पकड म्हणजे अशक्त. युरोपीय गटाच्या मर्यादा थोड्या खाली आहेत, २७ आणि १६. वय वाढल्यामुळे किंवा आजारामुळे स्नायू आणि ताकद दोन्ही घटतात, त्या अवस्थेला सार्कोपेनिया म्हणतात. माझ्याकडे येणारे बरेच जण या मर्यादेच्या खालीच असतात.

आता लिव्हरकडे येते. पकड मोजायला आलेल्या माणसाला मी लिव्हरचा रिपोर्ट का मागते, याचं घरच्यांना नेहमी आश्चर्य वाटतं. ‘यांना दारूचं नाव नको, कावीळ कधी झाली नाही, मग लिव्हरचं काय?’ असं एका आजींनी जरा रागानेच विचारलं होतं. त्यांना समजावून सांगितलं तेच इथे सांगते.

हृदय मिनिटाला जेवढं रक्त बाहेर टाकतं त्यातलं साधारण पाव हिस्सा लिव्हरमधून जातं. त्यातलं तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येतं, उरलेलं धमनीतून. बाहेर पडणारं रक्त हिपॅटिक शिरांमधून मोठ्या शिरेत आणि तिथून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. या वाटेवर दाब अडवायला कामाची झडप नाही. त्यामुळे उजवी बाजू थकली आणि तिथला दाब चढला की तो मागे लिव्हरवर येतो. लिव्हर रक्त धरून फुगतं, भिजलेल्या स्पंजासारखं जड होतं. त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि उजव्या बरगडीखाली दुखतं किंवा नुसतं भरल्यासारखं वाटतं. चार घास खाल्ले की पोट गच्च होतं. दुसरीकडे पंपिंग कमी असेल तर लिव्हरला येणारं ताजं रक्तही कमी. लिव्हरच्या आतल्या मध्यशिरेजवळच्या पेशींना एरवीही ऑक्सिजन सगळ्यात कमी मिळतो, पहिला फटका त्यांनाच.

रिपोर्टमध्ये या दोन प्रकारांच्या खुणा निरनिराळ्या असतात. रक्त तुंबल्याने बिघाड झाला असेल तर बहुधा बिलिरुबिन (काविळीत वाढतो तो पिवळा घटक) आणि अल्कलाइन फॉस्फटेज व जीजीटी ही एंझाइम वाढलेली दिसतात, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींमधली एंझाइम फारशी नाहीत. रक्तपुरवठाच अचानक कोसळला, जसं गंभीर अवस्थेत आयसीयूत होतं, तर एसजीओटी आणि एसजीपीटी हजारांत जातात, आणि रक्ताभिसरण सुधारलं की काही दिवसांत झपाट्याने उतरतात. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिला प्रकार जास्त. बिलिरुबिन दीड-दोन, जीजीटी वाढलेला, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) खाली. डोळे पिवळे नाहीत, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो.

आणि या लिव्हरचा स्नायूंशी संबंध अगदी जवळचा आहे. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं. स्नायूंच्या वाढीला लागणारा आयजीएफ-१ हा संदेशवाहक रक्तात येतो तो मुख्यतः लिव्हरमधूनच. दोन जेवणांमधल्या वेळेसाठी साखरेचा साठा लिव्हर करून ठेवतं. हा साठा अपुरा पडला तर शरीर रात्रीत स्नायूंमधली प्रथिनं मोडून साखर बनवायला लागतं. लिव्हर सिरोसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होतं त्या आजारात, ही गोष्ट नीट अभ्यासलेली आहे. अमोनियाची विल्हेवाट लिव्हर लावतं, ते थकलं की तो भार स्नायूंवर येतो, आणि जास्तीचा अमोनिया स्नायूंची घडण रोखतो. त्यात आतड्याला सूज असल्याने खाल्लेलं नीट शोषलं जात नाही, आणि भूक तर आधीच मेलेली. हार्ट फेल्युअरमध्ये स्नायूंवर थेट घाव होतोच: दमदारपणे काम करणारे तंतू कमी होतात, लवकर थकणारे वाढतात, पेशींची ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया कमी पडतात. लिव्हरचा बिघाड त्यात भर घालतो. म्हणून माझ्या अनुभवात बिलिरुबिन चढत जाणारा आणि पकड उतरत जाणारा पेशंट हा सगळ्यात काळजीचा.

एका काकांचं उदाहरण देते. निवृत्त शिक्षक, पंपिंग २५ टक्के. घरात रोज सकाळी वजन लिहायची शिस्त, वहीत रकाने आखलेले. वजन महिनोन् महिने ७१ किलोच्या आसपास. काकूंचं म्हणणं, ‘वजन जागच्या जागी आहे, मग यांना खुर्चीतून उठवत का नाही?’ मी काकांच्या मांडीला हात लावला तर कापडाच्या आत नुसता सैलपणा. घोट्याजवळ अंगठ्याने दाबलं तर खळगा तसाच राहिला, सावकाश भरत आला. उजव्या हाताची पकड आधी २४ किलो होती, ती १९ वर आलेली. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन वाढलेलं, २.१, आणि अल्ब्युमिन कमी, ३. त्यांच्या वहीतला ७१ खरा होता, पण त्यात स्नायू कमी होत होते आणि पाणी वाढत होतं, बेरीज तेवढीच राहत होती. मी पकडीचे आणि रिपोर्टचे आकडे चिठ्ठीत लिहून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी लघवीची औषधं बदलली, बाकी औषधंही जुळवून घेतली. थोड्याच दिवसांत चार किलो पाणी उतरलं, बिलिरुबिनही बरंच खाली आलं. पकड मात्र १९ वरच होती. पाणी औषधाने दिवसांत उतरतं, स्नायू भरायला महिने लागतात. बेताचा व्यायाम आणि पोटभर प्रथिनं सुरू केल्यावर, पुष्कळ नंतर, ती २३ झाली. खुर्चीच्या हाताला न धरता काका उठले त्या दिवशी काकूंनी तेही वहीत लिहिलं.

याच कारणासाठी टक्केवारी दाखवणाऱ्या काट्यांवर माझा आक्षेप आहे. हे काटे पायांतून बारीक विद्युतप्रवाह सोडतात आणि तो किती सहज जातो त्यावरून शरीरातलं पाणी काढतात. मग चरबी वगळता उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं हे गृहीत धरून बाकीचा हिशेब मांडतात. निरोगी माणसात हे गृहीतक बऱ्यापैकी चालतं. पाय सुजलेल्या, पोटात पाणी झालेल्या माणसात ते मोडतं. साचलेलं पाणी काटा स्नायूंच्या खात्यात टाकतो, म्हणजे प्रकृती बिघडत असताना पडद्यावर स्नायू वाढलेले दिसतात. माझ्याकडचा असा एक काटा मी हार्ट फेल्युअरच्या पेशंटसाठी वापरणं बंद केलं. शिवाय पेसमेकर किंवा आयसीडी असलेल्यांनी असे काटे वापरू नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं, आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. साधा, फक्त वजन दाखवणारा काटा मात्र घरात असायलाच हवा, कारण अचानक चढलेलं वजन म्हणजे पाणी, आणि ते डॉक्टरांना लगेच कळायला हवं.

हीच अडचण महागड्या तपासण्यांनाही आहे. डेक्सा स्कॅनमध्येसुद्धा (एक्स-रेने हाडं, चरबी आणि बाकीचं शरीर वेगवेगळं मोजणारी तपासणी) पाणी आणि स्नायू एकाच रकान्यात जातात. पोटरीचा घेर हा एरवी चांगला मापदंड, पण सुजलेल्या पायावर तो निरुपयोगी, तिथे दंडाचा घेर घ्यावा. २०१३ साली सिका-एचएफ या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या २०० पेशंटांचे स्नायू डेक्साने मोजले, तेव्हा जवळजवळ पाचातल्या एकाचे झिजलेले निघाले. पाण्याचा घोळ लक्षात घेता यातून काही जण सुटले असणार असं मला वाटतं. डायनामोमीटरला पाण्याशी देणंघेणं नाही. पाणी मूठ आवळू शकत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये मला हे साधन आवडतं त्याचं पहिलं कारण हेच.

आता त्याच्या मर्यादा. त्या थोड्या नाहीत.

हार्ट फेल्युअरमध्ये मांड्या आणि पोटऱ्या हातांच्या मानाने जास्त झिजतात, कारण माणूस चालणंच कमी करतो. हाताने डबे उघडणारा, पिशव्या धरणारा माणूस जिना चढू शकत नाही, असं खूपदा दिसतं. अशा वेळी पकड ठीक येते आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून मी पकडीबरोबर खुर्चीची चाचणी घेतेच: हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी. सहा मीटर चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असेल तर तोही लिहून ठेवते. याला लागतं एक खुर्ची आणि एक घड्याळ.

दुसरं, पकड कमी आली म्हणजे स्नायूच झिजले असं नाही. सांधेदुखीने बोटं वाकलेली असतील तर ती दुखतात म्हणून जोर लागत नाही. आणि इथे एक गोष्ट जरा थांबून सांगावीशी वाटते. दोन्ही हातांना रात्री मुंग्या, पहिली तीन बोटं बधिर, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झालेला, म्हणजे मनगटात नस दाबलेली, आणि त्याच माणसाला उतारवयात हार्ट फेल्युअर, हृदयाच्या भिंती जाड: अशा वेळी ॲमिलॉइड नावाचं प्रथिन मनगटात आणि हृदयात साचलेलं असू शकतं. मनगटाचा त्रास हृदयाच्या त्रासाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेला असतो. त्यावर आता वेगळे उपचार आहेत, म्हणून ते ओळखणं महत्त्वाचं. कमी पकडीमागे असं काही दिसलं तर मी व्यायाम लिहून देत बसत नाही, डॉक्टरांना कळवते.

औषधांकडेही बघावं लागतं. लघवीच्या औषधांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरलं की अशक्तपणा येतो, तो भरून काढल्यावर जातो. हृदयाचे ठोके नियमित ठेवणारं ॲमिओडॅरोन लिव्हरवरही परिणाम करू शकतं आणि थायरॉइडवरही, आणि थायरॉइड बिघडलं की स्नायू दुबळे होतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. म्हणजे बिलिरुबिन किंवा एंझाइम वाढलेत आणि पकडही कमी आहे, तरी दोन्हींचं मूळ हृदयातच असेल असं धरून चालत नाही. कुणीही स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये, हे मात्र इथे ठासून सांगते.

रिपोर्टमधले दोन आकडे तर खास जपून वाचावेत. एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूतही असतं. नुसतं तेच वाढलंय, जीजीटी आणि बिलिरुबिन ठीक आहे, तर बिघाड स्नायूतला असू शकतो. मग डॉक्टर सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एंझाइम) तपासायला सांगतात. दुसरा आकडा क्रिएटिनिनचा, ज्यावरून किडनीचं काम जोखतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू झिजले की ते आपोआप कमी दिसतं आणि किडनी आहे त्यापेक्षा चांगली वाटते. हार्ट फेल्युअरमध्ये लिव्हर आणि किडनीची अवस्था एकत्र बघायला मेल्ड-एक्सआय नावाचा गुणांक वापरतात. त्यात बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन दोनच आकडे लागतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) औषधानेच वाढलेला असतो, म्हणून तो यात घेत नाहीत. पण पेशंटचे स्नायूच उरले नसतील तर हा गुणांकही खोटा दिलासा देऊ शकतो. पकड १५ किलो आणि क्रिएटिनिन ०.७ असा कागद समोर आला की मी किडनीबद्दल बिनघोर होत नाही, सिस्टॅटिन सी (किडनीची दुसरी रक्ततपासणी) बघता येईल का असं डॉक्टरांना विचारते, कारण ते स्नायूंवर तितकं अवलंबून नसतं.

तिसरी मर्यादा तबकडीची. माझ्या यंत्रावर किलोच्या रेघा दोन-दोनच्या अंतराने आहेत. काटा मधोमध असला आणि तबकडी तिरकी धरली की वाचणाऱ्यागणिक आकडा बदलतो. डोळ्याच्या रेषेत धरूनच वाचायचा. दोन-तीन किलोच्या चढउताराला मी महत्त्व देत नाही, पेशंटलाही देऊ देत नाही. पाच किलोचा फरक दोन भेटींत टिकला तर मानते. दर आठवड्याला मोजून काही हाती लागत नाही, माणूस नुसता धास्तावतो. डिजिटल यंत्रात वाचायला सोपं जातं, पण दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत. पेशंट कायम एकाच यंत्रावर मोजावा.

सांभाळण्याच्या दृष्टीने हे यंत्र दणकट वाटतं, पण एकदा खाली पडलं की त्याचे आकडे संशयास्पद. वर्षातून एकदा ते ताडून घ्यावं. आधी वापरलेलं यंत्र घेत असाल तर काटा शून्यावर बसतो का आणि मुठीच्या सांध्याजवळ तेल झिरपतंय का, एवढं नक्की बघा.

व्यायामाबद्दल लोकांच्या मनात अजून भीती आहे. हृदय कमजोर म्हणजे झोपून राहायचं, हा समज फार जुना. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन या चाचणीत २,३३१ पेशंट होते, आणि स्थिर अवस्थेतल्या पेशंटना देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित असल्याचं त्यात दिसलं. २०२१ सालच्या रीहॅब-एचएफ चाचणीत तर अशा ३४९ ज्येष्ठांना घेतलं होतं, ज्यांना हार्ट फेल्युअर बळावल्याने ॲडमिट करावं लागलं होतं. तोल, ताकद, हालचाल आणि दमसास या चारही गोष्टींवर ठरवून काम केल्याने त्यांची शारीरिक क्षमता नक्की सुधारली. पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण मात्र ठळकपणे घटलं नाही, हेही सांगायला हवं. तरी स्वतःहून उठता येणं, स्वतःची आंघोळ स्वतः करता येणं याची किंमत अंथरुणावरच्या माणसाला विचारा.

लिव्हर बिघडलंय म्हटल्यावर घरचे प्रथिनं तोडतात, हेही वारंवार दिसतं. सिरोसिससारख्या मोठ्या लिव्हरच्या आजारातसुद्धा किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्यावीत असंच युरोपीय मार्गदर्शन आहे. हार्ट फेल्युअरने तुंबलेल्या लिव्हरसाठी प्रथिनं तोडायचं काही कारण नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. एका वेळी पोट गच्च होत असेल तर थोडं थोडं, जास्त वेळा खायचं, आणि रात्रभराचा उपास लांबू द्यायचा नाही.

तर यंत्र कुणी घ्यावं? कार्डिअक रीहॅब, म्हणजे हृदयाच्या पेशंटचं व्यायामाने पुनर्वसन, चालवणाऱ्या प्रत्येकाने, हार्ट फेल्युअरची ओपीडी असलेल्या प्रत्येक ठिकाणी. तिथे ते वजनकाट्याशेजारी असावं आणि केस पेपरवर बिलिरुबिन आणि अल्ब्युमिनच्या खालीच पकडीचा रकाना असावा, म्हणजे तिन्ही आकडे एका नजरेत येतील. आज बऱ्याच ठिकाणी लिव्हरचा रिपोर्ट एका फाइलमध्ये आणि फिजिओथेरपीची नोंद दुसऱ्या फाइलमध्ये जाते, ते बदलायला हवं. घरी एकट्याने मोजणाऱ्यांना मी यंत्र सुचवत नाही. बसणं, कोपर, श्वास हे सगळं कुणीतरी समोर उभं राहून बघावं लागतं. घरी साधा वजनकाटा, एक बिनचाकाची भक्कम खुर्ची आणि शेजारी उभं राहणारं माणूस पुरे. खुर्चीतून पाच वेळा उठायला मागच्या महिन्यापेक्षा जास्त वेळ लागतोय, किंवा वजन तेच असून मांडी सैल आणि पाय जड झालेत, असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा, आणि लिव्हरचा शेवटचा रिपोर्ट हाताशी ठेवा.